ब्रँडी, रम आणि लिंबाचा रस

30 मिलिलिटर कोन्याक ही फ्रेंच द्राक्षाची ब्रँडी, 30 मिलिलिटर पांढरी रम, 30 मिलिलिटर ट्रिपल सेक हे संत्र्याच्या सालीचं गोड मद्य आणि 20 मिलिलिटर ताज्या लिंबाचा रस. शेकरमध्ये भरपूर बर्फ घालून हे सगळं जोरात हलवायचं, गाळायचं आणि आधी गार करून ठेवलेल्या दांड्याच्या पेल्यात ओतायचं. ‘बिट्वीन द शीट्स’ या कॉकटेलची ही आजची प्रमाण कृती. 1951 साली इंग्लंडमधल्या टॉर्की गावात बारटेंडरांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ही संघटना जगभरातल्या कॉकटेलांची अधिकृत यादी ठेवते. त्या यादीतल्या ‘अविस्मरणीय’ या वर्गात हे पेय आहे. रंग फिकट सोनेरी, हलवल्यामुळे थोडा धुरकट. पेला नाकाजवळ नेला की आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग द्राक्षाच्या जुन्या दारूचा, आणि रमचा वास मात्र घोट गिळल्यानंतर कळतो.

यादीत स्थान असूनही या पेयाला म्हणावा तेवढा मान कधी मिळाला नाही. ‘साइडकारमध्ये रम घातली की झालं,’ असं म्हणून जाणकार पुढे सरकतात. साइडकार म्हणजे कोन्याक, ट्रिपल सेक आणि लिंबाचं प्रसिद्ध कॉकटेल. बाकीचे नाव ऐकून हसतात. चादरींच्या आत काय चालतं ते सुचवणारं नाव, 1920 च्या दशकातल्या चावट विनोदाच्या चालीचं. त्या काळी अशी नावं ठेवायची पद्धतच होती, आणि नावामुळे पेय खपतही असे. पण नावाची मजा एकदा ऐकून संपते. माझं कुतूहल दुसरंच आहे. एकाच पेल्यात दोन मूळ मद्यं का? कॉकटेलच्या जगात एक मद्य मुख्य आणि बाकीचं त्याच्या सेवेला, असा साधारण रिवाज आहे. इथे ब्रँडी आणि रम बरोबरीने उभ्या आहेत, आणि कुणीच दुसऱ्याला दाबत नाही. हे कसं जमलं, कुणाला पहिल्यांदा सुचलं, याचा माग काढत गेलं की वाट पॅरिसहून निघते आणि थेट सुरत-गोव्याच्या किनाऱ्यावर येते.

पॅरिसपासूनच सुरुवात करू. ऑपेरा गार्निएच्या जवळ रू दोनू नावाची एक छोटी गल्ली आहे. तिथे 5 क्रमांकाच्या जागेत ‘हॅरीज न्यूयॉर्क बार’ आहे. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना अमेरिकी माणसाची जीभ अडखळू नये म्हणून या बारने जाहिरातीत फ्रेंच उच्चार इंग्रजी अक्षरांत फोडून छापला होता: ‘सँक रू दो नू’. तो आजही त्यांची खूण आहे. पॅरिसला गेले तेव्हा मी मुद्दाम दुपार उतरताना तिथे गेले, कारण त्या वेळी गर्दी नसते. काळसर लाकडाने मढवलेल्या भिंती, त्यांवर अमेरिकी विद्यापीठांची त्रिकोणी निशाणं, पांढऱ्या कोटातले बारटेंडर. जागा अगदी लहान आहे, आपल्याकडच्या जुन्या इराण्याच्या हॉटेलात मावतील तेवढीच माणसं. या जागेत दारूच्या इतिहासातलं इतकं काही घडलं, हे तिथे उभं राहून पटायला थोडा वेळ लागतो.

हा बार 1911 च्या नोव्हेंबरात उघडला. टॉड स्लोन नावाचा एक अमेरिकी जॉकी होता. त्याच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमधल्या एका बारचं लाकूडकाम उखडून जहाजाने पॅरिसला आणलं गेलं आणि इथे पुन्हा जोडलं गेलं. म्हणजे नावातलं ‘न्यूयॉर्क’ अगदी शब्दशः खरं आहे. काउंटरमागे उभं राहायला स्कॉटलंडच्या डंडी गावचा एक तरुण आला, हॅरी मॅकेल्होन. पुढे तो लंडनच्या सिरोज क्लबमध्ये गेला, कृतींची पुस्तकं लिहिली, आणि 1923 साली परत येऊन त्याने हा बारच विकत घेतला. दाराच्या पाटीवर ‘हॅरी’ तेव्हा चढला.

त्याची वेळ अचूक होती. 17 जानेवारी 1920 पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली आणि ती 5 डिसेंबर 1933 ला उठली. जवळपास चौदा वर्षं. या काळात ज्यांच्या हातात कला होती त्या बारटेंडरांपैकी अनेकांनी देश सोडला. हॅरी क्रॅडॉक लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात जाऊन प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिशात पैसे होते असे पिणारेही बाहेर पडले: कुणी जवळच्या क्युबाला, कुणी पॅरिसला. महायुद्धानंतर फ्रँक घसरलेला होता, त्यामुळे डॉलरवाल्याला पॅरिस स्वस्त पडे. अमेरिकेने हद्दपार केलेली एक संस्कृती या गल्लीत येऊन वसली, आणि तिला फ्रान्सचं साहित्य मिळालं: कोन्याक आणि क्वांत्रो नावाचं तिथलं ट्रिपल सेक.

इथे मनात आपल्याकडची दारूबंदी आल्याशिवाय राहत नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. त्याच्याच पोटातून ‘परमिट रूम’ ही पाटी आली, आणि ती आजही महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात दिसते. त्या बंदीने आपल्याला दिली ती हातभट्टी आणि मागच्या दाराने चालणारे अड्डे. दारू ही घाईघाईने, अंधारात, चव न बघता घशाखाली उतरवायची गोष्ट झाली. त्यापायी आणि विषारी दारूपायी किती घरं उद्ध्वस्त झाली ते आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. अमेरिकेतही गल्लोगल्ली विष विकलं गेलंच, माणसं मेलीच. फरक एवढाच की तिथली जाणकार माणसं समुद्रापलीकडे जाऊन आपला धंदा टिकवू शकली.

तर ‘बिट्वीन द शीट्स’ याच हॅरीने 1930 च्या सुमारास तयार केलं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. दुसरी कथा लंडनच्या बर्कली हॉटेलची आहे. तिथल्या पॉली नावाच्या व्यवस्थापकाने ते 1921 साली केलं म्हणे. मला या वादात पडावंसं वाटत नाही, कारण साइडकारचं उदाहरण समोर आहे. कोन्याक, क्वांत्रो आणि लिंबू एवढ्यावर उभं असलेलं ते जगप्रसिद्ध कॉकटेलही लोकांनी हॅरीच्याच नावावर चढवलं. प्रत्यक्षात 1920 च्या दशकाच्या सुरुवातीच्या आपल्या पुस्तकात खुद्द हॅरीने त्याचं श्रेय लंडनच्या बक्स क्लबमधल्या मॅकगॅरीला दिलं होतं. 1922 साली रॉबेर व्हर्मेर या दुसऱ्या बारटेंडरनेही तेच लिहिलं. पाककृतींचं हे असंच असतं. ज्याच्या दुकानाची पाटी मोठी, त्याच्या नावावर पदार्थ जमा होत जातात. हॅरीचा मोठेपणा मला उलट त्या प्रामाणिक नोंदीत दिसतो.

कुणी केलं यापेक्षा केव्हा शक्य झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युरोपात रम काही नवी नव्हती, पण ती जमैकाची किंवा मार्टिनिकची, जड आणि उग्र. अशी रम कोन्याकबरोबर पेल्यात घातली तर कोन्याकचा पत्ताच लागणार नाही. त्यासाठी हलकी रम हवी होती, आणि ती आली क्युबातून. फाकुंदो बकार्दी याने 1862 साली सँतियागो दे क्युबा इथे आपली भट्टी सुरू केली. रम कोळशातून गाळून तिचा उग्रपणा काढायचा, ही त्या घराण्याची युक्ती. दारूबंदीच्या काळात अमेरिकी प्रवाशांची हवानात रीघ लागली आणि या हलक्या रमची गोडी घेऊन ते पुढे युरोपात गेले. म्हणून या कॉकटेलच्या जुन्या कृतींत बऱ्याचदा नुसती ‘रम’ नसते, ‘बकार्दी’ असं नावच लिहिलेलं असतं. क्युबाची रम आणि फ्रान्सच्या शारांत खोऱ्यातली ब्रँडी, म्हणजे कोन्याक, एका काउंटरवर शेजारी येणं, आणि दोन्हींची सवय असलेलं गिऱ्हाईक समोर असणं, हे 1920 च्या दशकातच घडू शकत होतं.

पण ब्रँडी आणि रम एकत्र करायची कल्पना मात्र त्याहून खूप जुनी आहे. ती पंचची आहे, म्हणजे मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून केलेल्या पेयाची.

पंचचा लिखित उल्लेख 1632 सालचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाचा माणूस कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पेटापोली वखारीतल्या सहकाऱ्याला पत्र लिहितो, आणि त्यात पंच पिण्याचा उल्लेख करतो. सहा वर्षांनी, 1638 मध्ये, मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत इंग्रजांच्या वखारीत मुक्कामाला होता. तिथले व्यापारी एकत्र बसून जे पीत त्याची यादी त्याने दिली आहे: कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हे वाचल्यावर मी थबकले होते. गुलाबपाणी सोडलं तर ही आजच्या कुठल्याही सावर कॉकटेलची कृती आहे! मद्य, आंबट, गोड. पॅरिस नाही, न्यूयॉर्क नाही. तापी नदीच्या काठी, शिवाजी महाराज लहान असताना, हे मिश्रण मुरलेलं होतं.

त्यानंतरची साक्ष आणखी जवळची आहे. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर होता. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेलेल्या इंग्रज वकिलाची हकीकतही त्याच्या ग्रंथात सापडते, म्हणून आपल्या इतिहासकारांना तो ओळखीचा आहे. गोव्याबद्दल लिहिताना तो सांगतो की नेरूलला उत्तम अरक, म्हणजे भट्टीत गाळलेली कडक दारू, तयार होतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून पाच जिनसांचं ‘पाँच’ करतात. वैद्य असल्यामुळे ते शक्तिपात करणारं पेय आहे, अशी तंबीही तो देतो. गोव्यात बारदेशात गेलात की मांडवीच्या मुखाजवळचं नेरूल आजही आहे. तिथला तो अरक माडाच्या ताडीचा, म्हणजे काजूच्या फेणीच्या आधी गोव्यात ठाण मांडून बसलेल्या माडाच्या फेणीच्या घराण्यातला.

इंग्रजांनी तो अरक पिंपांत भरून लंडनला नेला, आणि त्याबरोबर प्यायची रीतही नेली. मोठ्या वाडग्यात साखर, लिंबू, पाणी, मसाला आणि हाताशी असेल ते मद्य. पूर्वेला अरक, कॅरिबियन बेटांत रम, लंडनमध्ये फ्रेंच ब्रँडी मिळाली तर ब्रँडी. हाताशी दोन्ही असतील तर दोन्ही. रम सुगंध आणि गोलाई देते, ब्रँडी त्या गोलाईला आकार देते, हे पंच करणाऱ्यांना तेव्हाच उमगलं होतं. फिलाडेल्फियातल्या मासेमारांचा एक क्लब 1732 साली स्थापन झाला. त्याचं ‘फिश हाउस पंच’ अजून केलं जातं: रम, कोन्याक, पीचची ब्रँडी, लिंबू, साखर आणि पाणी. त्यातली पीच ब्रँडी काढून क्वांत्रो घाला, पाण्याऐवजी बर्फ घाला, वाडग्याचा पेला करा. म्हणजे हॅरीच्या काउंटरवरचं पेय तयार झालं.

मधल्या काळात वाडगा लहान होत गेला, ही अमेरिकेची करणी. सगळ्यांनी एका वाडग्याभोवती दोन तास बसायचं, ही चैन धावत्या शहरांत राहिली नाही. एका माणसाला, एका पेल्यात, लगेच. त्यातून सावर आला. न्यू ऑर्लिन्समधल्या जोसेफ सांतिनी याने ब्रँडीत लिंबू आणि संत्र्याचं लिकर घालून पेल्याच्या काठाला साखर लावली, तो ब्रँडी क्रस्टा. जेरी टॉमसने 1862 सालच्या आपल्या पुस्तकात त्याची कृती छापली. साइडकार तिथून फार लांब नाही. टकिलाची मार्गारिटादेखील याच वंशातली.

समुद्रावरही ब्रँडी आणि रम यांचं नातं जुनं आहे, पण तिथे ते चढाओढीचं होतं. 1655 मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून जमैका घेतलं. त्यानंतर त्यांच्या नौदलात ब्रँडीची जागा हळूहळू रमने घेतली, कारण ती तिथेच होत होती आणि स्वस्त होती. खलाशी नशेत पडू लागले तेव्हा अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन याने 21 ऑगस्ट 1740 ला हुकूम काढला की रमच्या एका भागात चार भाग पाणी घालूनच वाटप करायचं. ज्याला परवडेल त्याने स्वतःच्या पैशाने साखर आणि लिंबू घेऊन चव सुधारावी, अशी मुभाही दिली. सात वर्षांनी जेम्स लिंड या डॉक्टरने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्हीच्या रोग्यांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. ज्यांना संत्री आणि लिंबं दिली ते झपाट्याने बरे झाले. तरीही लिंबाचा रस नौदलात सर्रास द्यायला 1795 उजाडलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं डोळ्यांदेखत माणसं मरत राहिली. रमचं रोजचं वाटप मात्र 31 जुलै 1970 पर्यंत चालू होतं.

रमबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळून पुढे जाणं मला जमत नाही. साखरेच्या कढईतून उरलेल्या मळीची रम करायची कला सतराव्या शतकात बार्बाडोससारख्या बेटांवर रुजली. तिथला ऊस आफ्रिकेतून साखळदंडांत आणलेल्या गुलामांनी तोडला, आणि चरकात त्यांचेच हात गेले. रम विकून मिळालेल्या पैशातून आणि कधी थेट रमच्या बदल्यात आणखी माणसं विकत घेतली गेली. ब्रिटिशांनी गुलामगिरी संपवल्यावर मळ्यांना मजूर कमी पडले, तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. 1834 पासून मॉरिशसला गिरमिटिया मजुरांची जहाजं गेली. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. मॉरिशसची रम हाती आली की मला चव घेण्याआधी ते लोक आठवतात. आठवावेत, असंच मला वाटतं.

कोन्याकचं सांगायचं तर थोडक्यात पुरे, कारण त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. फ्रान्सच्या शारांत खोऱ्यात युन्यी ब्लां जातीची द्राक्षं होतात. त्यांची वाइन नुसती प्यायला पातळ आणि आंबट. तीच तांब्याच्या भांड्यांत दोनदा उकळून ओकच्या पिंपांत ठेवली की तिचं सोनं होतं. निदान दोन वर्षं मुरली तर बाटलीवर व्हीएस, चार वर्षं मुरली तर व्हीएसओपी. कॉकटेलसाठी या दोन्ही चालतात. त्यापुढची महाग बाटली लिंबात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षं पिंपात मुरून जे मिळवलं ते लिंबाच्या रसात ऐकूच येत नाही.

आणि दोन्ही मद्यं एकत्र का शोभतात, याचं उत्तर मला आमच्या स्वयंपाकघरात मिळालं. आमटीत आमसूल असतं आणि गूळही. गुळाने आमटी गोड करायची नसते, आमसुलाच्या टोकदारपणाला बसायला जागा द्यायची असते. साइडकारमध्ये कोन्याक एकटं असतं. लाकडाचा तुरटपणा आणि लिंबाची धार मिळून ते थोडं ताठ, जिभेवर कोरडं लागतं. रम आली की तो मधला कोरडेपणा भरून निघतो. पांढऱ्या रममध्ये साखर जवळपास नसते, पण उसाच्या वासाने जिभेला गोडीचा भास होतो. उलट, नुसत्या रमचं हेच पेय केलं तर ते सरळ, हलकं, उन्हाळ्यातलं लागतं. त्याला खोली येते ती कोन्याकच्या वाळलेल्या फळांसारख्या वासाने.

माझ्या लहानपणी आमच्यासारख्या न पिणाऱ्या मराठी घरांतही या दोन्ही बाटल्या असायच्या, पण एकमेकींना न भेटता. ब्रँडी हे औषध होतं. सुंठ-वेखंडाच्या डब्यांशेजारी, कपाटाच्या वरच्या खणात. सर्दी-खोकला झाला की छातीला चोळायला, कधी चमचाभर गरम पाण्यातून. मुलांना दारू देऊ नये हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल, पण तेव्हा आजीच्या लेखी तो काढाच होता. रम यायची ती फौजेतल्या मामाकडून, कॅन्टीनची. साताऱ्याकडे ज्यांचं गाव आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ती बाटली पाहुण्या पुरुषांसाठी, आणि बायकांनी तिच्याकडे बघायचंही नाही. एक बाटली आजारपणाची, एक पराक्रमाची. आनंदासाठी, चवीसाठी यातलं काही उघडावं, असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्याहून गंमत मोठेपणी कळली. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीचा आणि रमचा उगम बहुतेक वेळा एकच असतो: साखर कारखान्याची मळी. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याला लागून डिस्टिलरी असते. तिथून येणाऱ्या शुद्ध स्पिरिटला कारखान्याबाहेर रंग, स्वाद आणि लेबल मिळतं. त्यामुळे अशा दोन बाटल्या घेऊन हे कॉकटेल केलं तर दोन मद्यांचा संगम होतच नाही. एकच मद्य दोन वेषांत येऊन स्वतःलाच भेटतं. ज्याला हे पेय खरं काय आहे ते कळून घ्यायचं असेल, त्याने ब्रँडी द्राक्षाचीच घ्यावी, एवढा एकच आग्रह मी धरते. त्यासाठी कोन्याकच हवं असं नाही. नाशिकला वाइन रुजून आता बरीच वर्षं झाली, आणि तिथल्या द्राक्षांची अस्सल ब्रँडीही निघू लागली आहे. ती कोन्याकइतकी सडपातळ नाही, थोडी मनुक्यांच्या वासाची आहे. पण रमबरोबर तिचं छान जमतं. आपली गडद, मुरलेली रम मला अतिशय प्रिय आहे, पण या पेल्यात तिचा व्हॅनिलासारखा वास बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. इथे पांढरी किंवा हलकी सोनेरीच घ्यावी.

मग लिंबू. पाश्चात्त्य कृतींत म्हणतात ते पिवळं, जाड सालीचं, मोठं लिंबू. आपलं कागदी लिंबू वेगळ्या जातीचं. त्याचा आंबटपणा जास्त तीक्ष्ण, आणि वास हिरवा, सालीच्या किंचित कडूपणासकट. श्रीगोंद्याकडून येणारी रसरशीत लिंबं वापरली तर 20 मिलिलिटर रसाने पेय चरचरीत होतं. मला ते आवडतं, पण क्वांत्रोची फुलासारखी बाजू थोडी झाकली जाते. क्वांत्रो हे फ्रान्सच्या आंजे शहरात 1875 पासून होत असलेलं ट्रिपल सेक, गोड आणि कडू संत्र्यांच्या सालींचं. त्यात लिटरमागे दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणून या कॉकटेलमध्ये वेगळा पाक लागत नाही. आणि म्हणूनच तिन्ही मद्यं सारख्या मापाने घेतली की ते जरा जास्त गोड होतं. काही जुन्या कृतींत तर लिंबू नुसतं शिंतोडाभर सांगितलं आहे. ती कृती केली तर ओठ चिकटतात. त्या काळच्या माणसांना गोड आवडत असेल, पण मला वाटतं, या पेयाच्या नशिबी आलेल्या उपेक्षेला नावाइतकंच हे समान माप जबाबदार आहे.

माझं माप असं स्थिरावलं आहे: ब्रँडी 30, रम 30, ट्रिपल सेक 20, कागदी लिंबू 15 ते 20, लिंबाच्या जोरावर अवलंबून. बर्फ मोठ्या तुकड्यांचा, फ्रीझरमधून थेट काढलेला, कारण फ्रिजबाहेर घामेजलेला बर्फ आधीच अर्धा पाणी झालेला असतो. शेकर हाताला बोचेल इतका थंड होईपर्यंत हलवायचा. बर्फाचं वितळलेलं पाणी ही या पेयातली पाचवी जिन्नस आहे. ते आलं नाही तर दारू जिभेला भाजते. वर लिंबाच्या सालीऐवजी मी हिवाळ्यात नागपुरी संत्र्याची साल पिळते. तिच्यातलं तेल कडू संत्र्यासारखं नसतं, जास्त गोड आणि सैल वासाचं असतं. पण ते पेल्यावर उडालं की खोलीभर कळतं, आणि क्वांत्रोतल्या संत्र्याला आपल्याकडचं संत्रं भेटतं.

एक हिशेब मात्र सांगायलाच हवा, कारण हे पेय दिसतं त्यापेक्षा फार कडक आहे. मूळ कृतीतली तिन्ही मद्यं 40 टक्क्यांची धरली तर त्या एका नाजूक पेल्यात 36 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्या भाषेत पूर्ण तीन स्मॉल पेग. आपल्याकडच्या बाटल्या 42.8 टक्क्यांच्या असतात, म्हणजे त्याहून थोडं जास्तच. लिंबू आणि संत्रं मिळून ते इतकं सफाईने झाकतात की दुसरा पेला मागताना आपण सहा पेगांवर पोहोचलो आहोत हे कुणाच्या लक्षात येत नाही. नेरूलच्या अरकाबद्दल फ्रायर डॉक्टरने जी तंबी दिली होती ती इथेही लागू आहे. म्हणून पाहुणे आले तरी मी मापातल्या एका पेल्याचे दोन लहान पेले करते, बरोबर तळलेले बोंबील किंवा खारे शेंगदाणे ठेवते, आणि दुसरी फेरी करत नाही.